पंधराशे किलो, पण कुठपासून?

चौदाशे हे पंधराशेपेक्षा कमी असतात की जास्त?

पहिलीतलं पोरगंही सांगेल, कमी. मग मला सांगा, पंधराशे किलो उचलणारी गाडी चौदाशे किलो उचलताना पुढे कलंडली कशी? आमच्या तासगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये एकाही मोठ्या माणसाला याचं उत्तर देता आलं नाही. म्हणून त्यांनी त्यातल्या त्यात सोपं उत्तर शोधलं. चूक वैजयंता खाडेची.

वैजयंता खाडे म्हणजे माझी आई. मी शलाका, सहावीत आहे. हे लिहिताना मला अजून राग येतोय आणि तो लपवायचा माझा अजिबात विचार नाही.

आमच्याकडे बेदाणा होतो हे तुम्हाला माहीत असेल. तो वर्षभर टिकावा म्हणून मोठमोठ्या थंडगार खोल्यांत ठेवतात. तिथं आई फोर्कलिफ्ट चालवते. या गाडीला पुढे दोन लांब लोखंडी दात असतात. ते ओझ्याखाली सरकवायचे, ओझं उचलायचं आणि न्यायचं. आठ वर्षं आईनं एकही खोकं पाडलं नव्हतं. बाईमाणसाला गाडी जमेल का, असं विचारणारे हळूहळू गप्प बसले होते.

मग यंदा पौषात चंद्रावरून मागणी आली. खरंच. चंद्रतळावर राहणाऱ्या लोकांना बेदाणा हवा होता. रॉकेटच्या पोटात नीट बसावीत म्हणून त्यासाठी दोन मीटर लांबीची खास खोकी बनवली होती. भरलेलं खोकं चौदाशे किलोचं. थंड खोलीचं दार अरुंद, त्यामुळे खोकं आडवं धरता येईना. लांबीच्या बाजूनंच उचलायचं. आईच्या गाडीचे दात त्याला पुरेनात, म्हणून त्यांच्यावर लोखंडाच्या लांब खोळी चढवल्या.

पहिलं खोकं उचललं आणि गाडीची मागची चाकं जमिनीवरून वीतभर उठली. आईनं खोकं लगेच खाली ठेवलं. "साहेब, गाडी पुढं झुकतीया," ती म्हणाली.

साहेब म्हणजे उमराणी, तिथले व्यवस्थापक. ते म्हणाले, "मशीनवर काय लिहिलंय? पंधराशे. तुझं ओझं किती? चौदाशे. मागं दोन माणसं उभी कर आणि चालव. रॉकेट काय तुझ्यासाठी थांबणाराय?"

मागे यल्लाप्पाकाका आणि आणखी एक हमाल उभे राहिले. गाडी झुकली नाही. दिवसभरात अकरा खोकी गेली. उमराणी साहेब म्हणाले, "बघा, डोकं लागतं!"

बाराव्या खोक्याला दाराशी आईनं ब्रेक लावला. जोरात नाही, रोजच्यासारखा. गाडीची मागची बाजू टुणकन वर उठली, दोघंही खाली पडले, खोकं घसरलं आणि वर गेलेलं मागचं चाक परत आदळलं ते यल्लाप्पाकाकांच्या पायावर. नडगीचं हाड मोडलं.

संध्याकाळी नोटिशीचा कागद लागला. 'वजन क्षमतेपेक्षा कमी असताना अपघात झाला. चालकाने स्टिअरिंग वळवून गाडी सावरली नाही. चालकाचा निष्काळजीपणा. शनिवारी चौकशी.' चौकशीत हे कायम झालं, तर आईचा परवाना जाणार होता. कायमचा.

त्या रात्री आई जेवली नाही. मला वाटलं, परवान्याची काळजी असेल. पण ती एवढंच म्हणाली, "यल्लाप्पाचा पाय माझ्याच हातनं मोडला गं." हे ऐकून माझा राग असा काही उसळला, की मी ताट तसंच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी थेट कोल्ड स्टोरेजला गेले. भांडायला म्हणूनच गेले होते, पण उमराणी साहेब जागेवर नव्हते. फाटकाजवळच्या काचेच्या खोलीत तोलाण्णा मात्र होता.

तोलाण्णा हा यंत्रमानव. फोर्कलिफ्टवाल्यांना सुरक्षेचं प्रशिक्षण द्यायला त्याला दोन वर्षांपूर्वी आणला. कागदावर त्याचं नाव तोल-सात, पण आमच्याकडे मोठ्या माणसाला अण्णा म्हणतात. त्याचं काम एवढंच, की कुणी तपासणीला आलं की त्याला दाखवायचं. अंगावर प्लास्टिकचं कव्हर, कपाळावर खंडेनवमीचं कुंकू आणि गळ्यात वाळून कोळ झालेली झेंडूची माळ. त्याची पूजा सगळ्यांनी केली होती. त्याला प्रश्न मात्र कुणी विचारला नव्हता.

मी कव्हर ओढून काढलं आणि ओरडलेच. "तू माझ्या आईला नीट शिकवलं का नाहीस?"

त्याचे डोळे हळूहळू उजळले. "वैजयंता खाडे," तो म्हणाला. "पाठ एक, गाडी सुरू करणे. पाठ दोन, हॉर्न वाजवणे. एकूण वीस मिनिटं. मग कागदावर अंगठा."

"आणि बाकीचं?"

"पाठ तीन ते नऊ बंद केलेले आहेत. कारण, कामाचे तास बुडतात. कामगारांना ते शिकवायला मला मनाई आहे." त्यानं मला निरखून पाहिलं. "तू कामगार आहेस का?"

"मी सहावीत आहे."

"मग तुला मनाई नाही. बैस."

मी बसले. राग तसाच होता, पण बसले.

"पाण्याची कळशी कशी नेतेस?" त्यानं विचारलं.

"कमरेवर."

"हात पुढे ताणून का नाही नेत?"

"वेडा आहेस का? तोंडावर आपटेन की!"

"का? कळशी तीच, पाणी तेवढंच, वजनही तेवढंच."

वजन तेवढंच, हे खरंच होतं की.

तोलाण्णानं माझ्या दप्तरातली लाकडी पट्टी मागितली. खोडरबर मधोमध ठेवून त्यावर ती आडवी ठेवली. खोडरबर हा टेकू (ज्या जागेवर एखादी वस्तू झुलते ती जागा). टेकूच्या एका बाजूला सहा सेंटिमीटरवर त्यानं टेबलावरच्या, नमुन्याच्या बेदाण्याच्या दोन पुड्या ठेवल्या, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच अंतरावर दोन. पट्टी सरळ राहिली. मग एका बाजूची एक पुडी त्यानं काढून घेतली.

"आता दोन विरुद्ध एक. एक पुडी दोघींना उचलेल?"

"छे."

त्यानं ती एकटी पुडी टेकूपासून लांब, बारा सेंटिमीटरवर सरकवली. पट्टी पुन्हा सरळ झाली. अजून जराशी सरकवली, तर त्या एकटीनं दोघींना उचललं.

"ओझं नुसतं जड असून भागत नाही," तो म्हणाला. "ते टेकूपासून किती लांब आहे तेही बघावं लागतं. वजन आणि अंतर यांचा गुणाकार कर. त्याला आघूर्ण म्हणतात (वस्तूला टेकूभोवती फिरवण्याचा जोर). ज्या बाजूचं आघूर्ण जास्त, ती बाजू खाली जाते."

"मग फोर्कलिफ्टचा टेकू कुठं असतो?"

"पुढच्या चाकांच्या आसावर. पुढे ओझं, मागे गाडीचं स्वतःचं वजन. मागच्या बाजूला मुद्दाम एक मोठा लोखंडी ठोकळा बसवलेला असतो. तो प्रतिभार (ओझ्याला तोलून धरणारं वजन). फोर्कलिफ्ट म्हणजे चाकांवरची ही पट्टीच."

मग त्यानं मला हिशेब घालायला लावला. आईच्या गाडीत पुढच्या आसापासून दातांच्या मुळापर्यंत चाळीस सेंटिमीटर. नेहमीचं खोकं एक मीटर लांब. त्याचा गुरुत्वमध्य (जिथं सगळं वजन एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू) त्याच्या मध्यावर, म्हणजे दातांच्या मुळापासून पन्नास सेंटिमीटरवर. चाळीस आणि पन्नास, नव्वद. पंधराशे गुणिले नव्वद.

"एक लाख पस्तीस हजार," मी म्हणाले.

"गाडी बनवणाऱ्यांनी खात्री दिलीय ती एवढ्याची. आता चंद्राचं खोकं. दोन मीटर लांब."

मध्य एक मीटरवर. शंभर अधिक चाळीस, एकशे चाळीस. चौदाशे गुणिले एकशे चाळीस. मी वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला, मग पुन्हा केला, कारण मला माझ्यावर विश्वास बसेना. एक लाख शहाण्णव हजार!

"आणि खोळींचं वजन मी अजून धरलेलंच नाही," तोलाण्णा म्हणाला.

"पण मग अकरा खोकी कशी गेली?"

"बनवणारे थोडी राखीव ताकद ठेवतात. तीही पुरली नाही, म्हणून चाकं उठली. मागे दोन माणसं आली, तेव्हा तोल जेमतेम सावरला. मग ब्रेक लागला. ब्रेक लागला की गाडी थांबते, पण ओझ्याला पुढेच जायचं असतं. बसनं ब्रेक मारला की तू पुढे जातेस तशी."

"आणि स्टिअरिंग? आईनं ते वळवलं नाही असं लिहिलंय."

"फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते. मागची चाकं त्या वेळी कुठं होती?"

"हवेत!" मी जवळजवळ किंचाळलेच. हवेतली चाकं वळवून कुणाची गाडी सावरते? हे त्या कागदावर सही करणाऱ्याला माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं, त्याला प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं होतं. तरी मी खूश होते. आई सुटणार होती.

"शनिवारी मी सगळ्यांना दाखवते," मी म्हणाले. "पण अण्णा, ही अंतराची गोष्ट गाडीवर लिहीत का नाहीत?"

"लिहितात. प्रत्येक गाडीवर तळहाताएवढी पाटी असते. वजन, त्याखाली अंतर, त्याखाली उंची आणि एक छोटी आकृती."

"आईच्या गाडीवर नाही. तिथं नुसतंच 'पंधराशे किलो' आहे."

"अशी पाटी जगातला कुठलाही कारखाना बनवत नाही," तोलाण्णा म्हणाला.

आणि मला गेली खंडेनवमी आठवली.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. आदल्या दिवशी सगळ्या गाड्या धुतात, पुसतात, पिवळ्या रंगानं नव्या करतात. गेल्या खंडेनवमीला रंगाचा रोलर त्या पाटीवरूनही फिरला होता. मग उमराणी साहेब म्हणाले होते, "वैजू, तुझ्या पोरीचं अक्षर छान आहे. तिलाच लिहू दे." ओल्या रंगातून पाटीवरची उठावाची अक्षरं दिसत होती. मी विचारलं होतं, "हे खालचं बारीक पण काढू?" ते म्हणाले होते, "ते कोण वाचतंय? मोठं तेवढं काढ, शोभून दिसेल." मी लाल रंगात, वेलांट्या वळवून वळवून लिहिलं होतं. पंधराशे किलो. सगळ्यांनी कौतुक केलं होतं. मला दोन पेढे मिळाले होते.

दोन दिवस मी ज्याला शोधत फणफणत होते, तो माणूस मीच होते.

घरी जाऊन आईला सांगायला मला दोन तास लागले. सांगताना रडू आलं. आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. मला वाटलं, आता मार बसणार.

"रंगाचा डबा कुणी धरला होता?" तिनं विचारलं.

"तू."

"मग? आठ वर्षं ती पाटी माझ्या डोळ्यांसमोर होती, शलाका. खालचं बारीक म्हणजे काय, हे मी एकदाबी कुणाला विचारलं न्हाई. तू निदान विचारलंस तरी." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "शनिवारी सगळं सांगायचं. अर्धं सांगून सुटायचं न्हाई."

शनिवारी कॅन्टीनमध्ये चौकशी बसली. तपासणीला विभूतेबाई नावाच्या निरीक्षक आल्या होत्या. कुबड्या घेऊन यल्लाप्पाकाकाही आले. उमराणी साहेबांनी कागद वाचला. चौदाशे हे पंधराशेपेक्षा कमी, गाडी उत्तम, प्रशिक्षण पूर्ण, सगळ्यांचे अंगठे आहेत, चूक चालकाची.

"पंधराशे किलो, पण कुठपासून?" मी उभी राहून विचारलं.

"ही पोरगी इथं कशाला?" उमराणी साहेब म्हणाले.

"पाटी मी रंगवली म्हणून!" मी म्हणाले, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पट्टी, पुड्या, एक लाख शहाण्णव हजार, हवेतली चाकं. रोलर, लाल रंग, पेढेसुद्धा. 'ते कोण वाचतंय' हे कोण म्हणालं होतं, तेही सांगितलं.

विभूतेबाई उठल्या आणि सगळ्यांना घेऊन गाडीपाशी गेल्या. आईनं थिनरमध्ये फडकं बुडवलं. माझी लाल अक्षरं आधी पुसट झाली, मग ओघळली, मग पिवळा रंग सुटला. खाली चंदेरी पाटी निघाली. १५०० किलो. दातांच्या मुळापासून अंतर ५० सेंमी. उंची ३ मीटर. आणि सगळ्यांत खाली, 'गाडीवर चालकाखेरीज कुणी उभे राहू नये.'

मग यल्लाप्पाकाका बोलले.

"म्हंजे मला मागं उभा केला, तो वजन म्हणून? मला वाटलं, लक्ष ठेवायला. मी माणूस हाय का धोंडा? धोंडा पायजे होता तर धोंडा ठेवायचा! त्याचा पाय तरी मोडला नसता."

उमराणी साहेब पुटपुटले, "अंगठे आहेत सगळ्यांचे."

"अंगठ्यानं वाचता येतं का?" विभूतेबाईंनी विचारलं. मग त्यांनी तोलाण्णाला बाहेर आणायला लावलं आणि पाठ कुणी बंद केले ते विचारलं. तोलाण्णानं तारीख सांगितली, वेळ सांगितली, नाव सांगितलं. यंत्राला भीड नसते.

नोटीस रद्द झाली. आईचा परवाना राहिला, पण नऊच्या नऊ पाठ होईपर्यंत एकही गाडी हलणार नव्हती, आईचीसुद्धा. उमराणी साहेबांवर काय कारवाई करायची ते वरच्या कार्यालयात ठरणार होतं. तोवर त्यांनाही वर्गात बसावं लागलं, पहिल्या रांगेत. आठ दिवस कॅन्टीनमध्ये पट्ट्या, खोडरबरं आणि बेदाण्याच्या पुड्या घेऊन सगळे बसायचे. काकाही कुबड्या भिंतीला टेकवून बसायचे. पुड्या मात्र संध्याकाळपर्यंत कमी व्हायच्या.

शेवटच्या दिवशी मी तोलाण्णाला विचारलं, "चंद्रावर वजन सहापटीनं कमी होतं ना? मग तिथं तरी गाडी कलंडणार नाही?"

"ओझं हलकं होईल. प्रतिभार?"

मी विचार केला. "तोही हलका होईल! दोन्ही बाजू सारख्याच कमी होणार. म्हणजे तिथंही कलंडेल!"

"बरोबर. तिथल्या गाडीवरही अंतर लिहावं लागेल. कुणीतरी चांगल्या अक्षराचं माणूस लागेल."

पुढे कधीतरी ती पाटी मी लिहिणार आहे. पूर्ण लिहिणार आहे.

नवव्या दिवशी गाड्या सुरू झाल्या. चंद्राचं लांब खोकं दाराशी तयार होतं. आई गाडीवर चढली, पाटी मोठ्यानं वाचली, खोक्याकडे बघितलं आणि चावी न फिरवता खाली उतरली.

"काय झालं आता?" उमराणी साहेब म्हणाले. "रॉकेट थांबलंय, वैजू."

"एक लाख पस्तीस हजार भागिले एकशे चाळीस," आई म्हणाली. "एवढ्या लांब खोक्याला माझी गाडी नऊशे चौसष्ट किलो उचलती, साहेब. त्यातनं खोळींचं वजन वजा करायचं. हे चौदाशेचं हाय. मोठी गाडी मागवा, न्हाईतर खोकं निम्मं करा. मी उचलणार न्हाई."

उमराणी साहेबांची नजर पाटीवर गेली. त्यांनी ती वाकून, बोट लावून, खालच्या ओळीपर्यंत वाचली.

"निम्मं करा रे खोकं," ते म्हणाले.